काही मायक्रॉनची चमक

काळी गाडी रात्री पेट्रोल पंपाच्या छताखाली उभी करावी आणि थोडं वाकून बॉनेटकडे पाहावं. छताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांची प्रतिबिंबं तिथे पडलेली असतात आणि प्रत्येक प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांचं गोल जाळं दिसतं. गाडी सहा महिन्यांची असो की सहा वर्षांची, रोज निगुतीनं पुसली जात असेल तर हे जाळं हमखास सापडतं. धूळ खात पडून राहिलेल्या गाडीवर ते बरंच कमी असतं. ही गोष्ट बहुतेक मालकांना पटत नाही.

गाड्यांची निगा राखणाऱ्यांच्या धंद्यात या चऱ्यांना 'स्वर्ल मार्क' म्हणतात. ते गोल दिसतात म्हणून दोष गोल गोल पुसणाऱ्या हाताला दिला जातो, पण चरे मुळात गोल नसतात. ते हजारोंच्या संख्येनं, सगळ्या दिशांना पसरलेले, बहुतांशी सरळ आणि आखूड असतात. कुठलाही चरा आपल्यावर पडलेला प्रकाश त्याच्या लांबीला आडव्या दिशेनंच फाकतो. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे आडवे पडलेले असतात तेवढेच डोळ्यांपर्यंत प्रकाश पोचवतात, बाकीचे जागेवर असूनही दिसत नाहीत. या निवडीतून वर्तुळाचा भास तयार होतो. डोकं हलवलं की वर्तुळ सोबत सरकतं. जेवणाच्या स्टीलच्या ताटात दिव्याखाली अशीच वर्तुळं दिसतात, कारण तिथेही घासणीनं हेच केलेलं असतं. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात किंवा ढगाळ हवेत मात्र तीच गाडी निर्दोष वाटते. गाडी विकणारे आणि विकत घेणारे, दोघांनीही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हे चरे नेमके कशात पडतात, ते पाहू. आजच्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. फॉस्फेटची प्रक्रिया केलेल्या पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्यानं बसवलेला, गंजापासून वाचवणारा थर असतो, साधारण 20 मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर. त्यावर खरा रंग, म्हणजे बेस कोट, जेमतेम 15 मायक्रॉनचा. आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचा. सगळे मिळून 100 ते 140 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीचं सगळं रूप दोन केसांच्या जाडीत मावतं. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती तर एका केसाहूनही पातळ अशा क्लिअर कोटची असते. उन्हातली अतिनील किरणं शोषून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत पांढुरका पडतो आणि मग पापुद्रे सुटतात. छपरावर आणि बॉनेटवर असे पापुद्रे सुटलेल्या जुन्या गाड्या आपण रस्त्यावर पाहतो. त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही, रंगच नव्यानं मारावा लागतो.

हा थर कडक व्हावा यासाठी कंपन्यांनी बरीच मेहनत घेतली आहे. त्यातलं गाजलेलं उदाहरण मर्सिडीज-बेंझचं. 2003 च्या अखेरीस या कंपनीनं आपल्या गाड्यांसाठी नवा क्लिअर कोट आणल्याचं जाहीर केलं. त्यात सिरॅमिकचे अतिसूक्ष्म, नॅनो आकाराचे कण होते. भट्टीत रंग वाळताना हे कण पृष्ठभागाजवळ दाट जाळं विणतात आणि वरचा भाग कडक होतो. धुण्याच्या यंत्रातल्या ब्रशांनी पडणारे चरे कमी व्हावेत हा त्यामागचा हेतू होता. तो बराचसा साध्य झाला, पण जगभरच्या पॉलिश करणाऱ्यांपुढे नवं कोडं उभं राहिलं. तोवरचे पॅड आणि कंपाउंड, म्हणजे चरे घासून काढणारे लेप, या रंगावर नुसते फिरत राहत. जो रंग चऱ्याला दाद देत नाही, तो चरा काढणाऱ्यालाही दाद देत नाही.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. मर्सिडीजची भारतातली जुळणी 1995 पासून पुण्याजवळ सुरू झाली आणि पुढे ती चाकणला गेली. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला 2009 मध्ये सुरू झाला. श्कोडा त्याआधीच, 2001 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला आली होती. जर्मन वळणाच्या गाड्या आपल्याकडे रुळल्या तशा गाड्यांची निगा राखणाऱ्या पुण्या-मुंबईच्या डिटेलिंग स्टुडिओंमध्ये त्या येऊ लागल्या, आणि जर्मन गाडीचा रंग कडक, जपानी गाडीचा मऊ, असा एक ठोकताळा कारागिरांच्या बोलण्यात बसला. ठोकताळा म्हणून तो वाईट नाही, पण त्यावर विसंबून यंत्र हातात घेणं चूक आहे. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत रंग वेगळा असू शकतो, एकाच गाडीच्या दोन रंगांत फरक पडतो, आणि अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या दरवाजाचा रंग तर मूळ रंगाशी फटकूनच वागतो.

रंग एवढा कडक असताना त्यावर चरे पडतातच कसे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर धुळीत आहे. वाळूचा कण म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् श्रेणीत क्वार्ट्झ 7 वर बसतो आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट हे शेवटी एक प्लास्टिक आहे. सिरॅमिकचे कण घातले तरी ते काचेच्याही खालीच राहतं. शहरात पावलोपावली बांधकामं चालू आहेत, रस्ते खोदलेले आहेत, खडी-वाळूचे ट्रक धावत आहेत. हे सगळं गाडीवर बसतं. नुसतं बसलं तर काही बिघडत नाही. सकाळी त्यावरून कोरडा किंवा अर्धओला फडका जोरात फिरला की तोच फडका पॉलिश पेपर होतो. कडक रंगावर त्याचे चरे उथळ आणि मोजके पडतात, मऊ रंगावर खोल आणि दाट. पडतात मात्र दोन्हींवर, आणि कडक रंगावरचे काढायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

काढायचे म्हणजे काय, याबद्दल ग्राहकांमध्ये मोठा गैरसमज आहे. पॉलिश चरा भरून काढतं असं बहुतेकांना वाटतं. खरं पॉलिश काही भरत नाही. ते चऱ्याच्या आजूबाजूचा रंग चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणतं. सर आयझॅक न्यूटननं 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये काच चकचकीत करण्याबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. त्याचं म्हणणं असं की पॉलिश करणं म्हणजे ओरखडे नाहीसे करणं नव्हे. ओरखड्यांच्या जागी आणखी बारीक, त्याहून बारीक ओरखडे पाडत जायचं, शेवटी ते डोळ्यांना दिसेनासे होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते. त्याहून बरेच बारीक ओरखडे उरले की प्रकाश विस्कटत नाही, सरळ परत फिरतो, आणि बॉनेटमध्ये आकाश दिसतं.

म्हणजे प्रत्येक पॉलिशला रंगाचा काही भाग जातो. जपून केलेल्या कामात तो दोन-चार मायक्रॉन असतो, आडदांडपणे केलेल्या कामात त्याच्या कितीतरी पट. चाळीसेक मायक्रॉनच्या थरातून आयुष्यभर पुरवून वापरायचा हा साठा आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्यात एका मायक्रॉनचीही भर पडत नाही.

आपल्या जुन्या मिस्त्रींची या बाबतीत एक अडचण झाली आणि तिच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रंगावर पारदर्शक थर नसायचा. रंग हाच वरचा थर. मिस्त्री कॉटन वेस्टवर कंपाउंड घेऊन हातानं रबिंग मारायचा तेव्हा वेस्टला गाडीचाच रंग लागायचा, निळ्या गाडीचा निळा, लाल गाडीचा लाल. किती रंग जातोय हे त्याला डोळ्यांनी दिसायचं आणि हात आपोआप थांबायचा. क्लिअर कोट आल्यावर पॅडला लागणारा लगदा पांढराच राहिला, गाडी कुठल्याही रंगाची असो. जाणारा थर दिसेनासा झाला, हाताची सवय मात्र तीच राहिली. फिरत्या रोटरी मशीनला मेंढीच्या लोकरीचा पॅड लावून, भरपूर कंपाउंड ओतून, दोन तासांत गाडी 'नवीन' करून देण्याची पद्धत गॅरेजांत अजून आहे. त्या गाड्या उन्हात नेल्या की बॉनेटवर इंद्रधनुषी लाटांसारखे पट्टे दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. जुने चरे गेलेले असतात आणि मशीनचे नवे आलेले असतात. या मिस्त्रींच्या कौशल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. त्यांना रंगाची जाडी मोजायचा गेज कोणी दिला नाही आणि बदललेला थर कोणी समजावून सांगितला नाही, हे आपल्या वाहन व्यवसायाचं अपयश आहे.

चांगल्या स्टुडिओत कडक रंगाची काळी सेडान आली की कामाला सुरुवात मोजण्यानं होते. गेज पत्र्यावर टेकवला की थरांची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतो. लोखंडी पत्र्यासाठी तो चुंबकीय तत्त्वावर चालतो, ॲल्युमिनियमसाठी भोवरी प्रवाहावर. प्लास्टिकच्या बंपरवर हा साधा गेज चालत नाही. तो एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही. म्हणून कारागीर दरवाजाच्या आतल्या, कधीच पॉलिश न झालेल्या भागाचा आणि शेजारच्या पॅनेलांचा आकडा घेऊन तुलना करतो. आकडा अचानक 200 च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, 80 च्या खाली आला तर आधीच कोणीतरी तिथे हात मारून गेलं आहे.

मग धुणं. त्यानंतर रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव फवारतात. ब्रेकच्या भुकटीचे हे कण विरघळताना जांभळे ओघळ येतात. उरलेली खरखर क्ले बारनं, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीनं, निघते. कडा आणि पॅनेलवरच्या धारदार रेषा टेप लावून झाकतात, कारण कडेवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा दाब सगळ्यात जास्त.

यानंतरची पायरी फार महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. सगळ्या गाडीला हात लावण्याआधी बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एक चौकोन आखून त्यावर प्रयोग करायचा. सुरुवात सौम्यापासून, म्हणजे मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश. चरे गेले तर छानच. कडक रंगावर ते बहुधा जात नाहीत. मग पॉलिश तेच ठेवून पॅड बदलायचा, मग कंपाउंड बदलायचं, आणि चरे काढण्याइतपत जोर असलेली सर्वांत सौम्य जोडी सापडली की थांबायचं. पहिल्याच फटक्यात सगळ्यात तिखट कंपाउंड लावलं तर सौम्यानं भागलं असतं का, हे कधीच कळत नाही, आणि गेलेला थर परत येत नाही.

कडक रंगावर गोष्ट अडते ती पॅडपाशी. कंपाउंडमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मोहस् श्रेणीत 9 वर, म्हणजे कुठल्याही रंगाहून कितीतरी कठीण असतात. पण ते रंगावर दाबून धरणारं काहीतरी लागतं. फोम दबतो आणि कणांना आत घेतो. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा पॅड असंख्य तंतूंनी कण धरून ठेवतो आणि प्रत्येक तंतू स्वतःही थोडं कापतो. म्हणून कडक क्लिअर कोटवर पहिला हात बहुतेक वेळा मायक्रोफायबरचाच फिरतो.

यंत्र शक्यतो ड्युअल ॲक्शन. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या कक्षेत हेलकावतही असतो, त्यामुळे एकाच दिशेचे होलोग्राम पडत नाहीत आणि एका जागी उष्णता साठत नाही. इटलीच्या रूपेस कंपनीच्या 15 आणि 21 मिलिमीटर कक्षेच्या मशीनांनी या कामाला वेग आणला आणि त्या मापांचं यंत्र आज आपल्याकडच्या स्टुडिओंतही सर्रास दिसतं.

जोर किती लावायचा यावर 1927 साली प्रेस्टन या शास्त्रज्ञानं काचेच्या पॉलिशबद्दल मांडलेला नियम आजही लागू पडतो. किती पदार्थ निघेल ते दाब, वेग आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. रंग कडक असला की नवशिका दाब वाढवतो. पण ड्युअल ॲक्शन मशीन जास्त दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि काम जवळपास बंद पडतं. अनुभवी कारागीर पॅडच्या पाठीवर मार्करनं एक रेघ ओढून ठेवतात. ती फिरताना दिसत असेल तर ठीक, थबकली तर दाब कमी. मग उरतो वेळ. कडक रंगावर मशीन सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर इतकं संथ सरकवतात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, आधी उभे आणि मग आडवे, एकेका चौकोनावर चार ते सहा फेऱ्या. प्रत्येक चौकोनानंतर पॅड हवेनं किंवा ब्रशनं साफ करतात, कारण लगद्यानं भरलेला पॅड कापत नाही, फासतो. एका गाडीला सहा-आठ पॅड लागतात. बंपरवर वेग आणि दाब दोन्ही उतरवतात. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, तिथे रंग चटकन भाजतो.

पहिल्या हातानंतर चरे जातात पण पृष्ठभागावर पॅडचा हलका धुरकटपणा राहतो. दुसरा हात मऊ फोम आणि बारीक पॉलिशचा. इथे कडक रंग आधीच्या सगळ्या त्रासाची भरपाई करतो. मऊ रंगावर शेवटचा हात देताना पॅडच नवे पुसट डाग पाडतो आणि काळी मऊ गाडी निर्दोष करणं जिकिरीचं होतं. कडक रंग एकदा चकाकला की स्वच्छ चकाकतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यानं पुसून घ्यायचं. पॉलिशमधलं तेल चरे तात्पुरते झाकतं, ते निघालं तरच खरं काय उरलंय ते दिसतं. असं दोन हातांचं काम कडक रंगाच्या मोठ्या गाडीवर दोन-तीन दिवस चालतं. दोन तासांत ते होऊ शकत नाही.

त्यानंतरही काही ओरखडे राहतात आणि राहू द्यावेत. नख आडवं फिरवल्यावर जिथे अडकतं तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्यातला नाही. त्याच्या तळापर्यंत जायचं तर भोवतालचा सगळा क्लिअर कोट संपतो. ज्या कारागिरानं असा ओरखडा सोडला आणि का सोडला ते ग्राहकाला दाखवलं, त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्यावी. शंभर टक्के चरे काढण्याची हमी देणाऱ्या पाटीवर माझा विश्वास नाही.

दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे काहीच न काढता झाकणं. गाडी घेताना ॲक्सेसरीच्या यादीत 'टेफ्लॉन कोटिंग' हमखास असतं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते वितळतं साधारण 327 अंश सेल्सियसला. तव्यावर ते त्याहून जास्त तापमानाला भाजून बसवतात. गाडीचा रंग कारखान्यात 140 अंशांच्या आसपास भाजला जातो. तेव्हा फडक्यानं चोळलेल्या लेपाचं तव्यावरच्या थरासारखं काही होत नाही. चार-सहा धुण्यांत लेपातलं तेल उतरतं आणि चरे पुन्हा वर येतात. सिरॅमिक कोटिंग त्याहून बरंच टिकाऊ आणि उपयोगी आहे, पाणी आणि घाण त्यावर कमी चिकटते. पण त्याच्या जाहिरातीतल्या '9 एच'चा अर्थ नीट समजून घ्यावा. तो पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतला आकडा आहे, मोहस् श्रेणीतला 9 नव्हे. कोटिंगची जाडी साधारण मायक्रॉनभर, आणि वाळूचा कण तिलाही ओरखडतो. चरे असलेल्या रंगावर ते चढवलं तर चरे त्याखाली बंद होतात, मग ते काढायला कोटिंगच घासून काढावं लागतं.

एवढी मेहनत आणि एवढे पैसे खर्चून चमकवलेली गाडी सोसायटीत परत येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिच्यावरून तोच फडका फिरतो. गाडी पुसणाऱ्याला आठच्या आत वीसेक गाड्या उरकायच्या असतात. एक बादली, एक फडका, आणि महिन्याला गाडीमागे काही शे रुपये. पाचव्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी गाळ बसलेला असतो. त्याचा यात दोष नाही. आपणच त्याला रोज पुसायला सांगतो आणि एका दिवसाची धूळ दिसली तर तक्रार करतो. सिग्नलवर मिळणारी रंगीबेरंगी झटकणी, धुलाई केंद्रात चाकांवरून थेट बॉनेटवर येणारा स्पंज, हे त्याच माळेतले मणी.

दसऱ्याच्या पूजेचंही सांगायला हवं. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढावं, जरूर काढावं, पण वाळल्यावर ते कोरडं खरवडू नये. भरपूर पाणी ओतून उतरवावं. काळ्या किंवा पांढऱ्या गाडीला गंध काचेवर लावलं तर आणखी उत्तम. झेंडूचं तोरण तारेत ओवलेलं असेल तर तारेची टोकं रंगावर घासणार नाहीत असं बांधावं. वाऱ्यानं हलणारं ते टोक दिवसभरात जो ओरखडा पाडतं, तो नखाला अडकणारा असतो.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. नळी लावून गाडी धुण्याचा सल्ला अशा प्रदेशात देणं शोभत नाही. त्यावर 'रिन्सलेस' धुण्याची पद्धत चांगली आहे. धुळीच्या कणांना वेढून घसरवणारं द्रव्य आठ-दहा लिटर पाण्यात थोडंसं मिसळायचं, मायक्रोफायबरचे सात-आठ रुमाल त्यात भिजवायचे, एका पॅनेलला एक घडी वापरून रुमाल उलटायचा आणि मळलेला रुमाल पुन्हा बादलीत टाकायचा नाही. एवढ्या पाण्यात गाडी स्वच्छ होते आणि मागे पाणी ओतावं लागत नाही.

या दिवाळीत गाडी पॉलिशला देण्याआधी एवढं करा. तुमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाशी बोला. त्याला रोज नको, आठवड्यातून दोनदाच ये म्हणून सांगा आणि पैसे मात्र तेवढेच, जमलं तर थोडे जास्त द्या. तुमच्या गाडीसाठी वेगळी बादली आणि डझनभर मायक्रोफायबर रुमाल घेऊन द्या, रुमाल घरी धुऊन वाळवा. मधल्या दिवसांत गाडीवर धूळ दिसली तर दिसू द्या, तिला हात लावू नका.